गाडी किती देते? कागदावरच्या ३८० किलोमीटरच्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

आजपासून लिहायला सुरुवात करतोय. कारण मेहुणा. तो पुण्यात कोथरूडला असतो, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हणून महिनाभर शोरूम फिरतोय, काल फोनवर म्हणाला, दाजी, शोरूमवाले एक सांगतात, ऑफिसातले दुसरंच सांगतात, तुमच्याकडे दीड वर्ष गाडी आहे, तुम्ही खरं सांगा किती देते. आणि मला नीट सांगता आलं नाही. अडीचशे देते म्हणालो, मग म्हणालो कधी कधी दोनशे वीस, एकदा पावणेतीनशे पण दिली होती. एवढं मोघम उत्तर देऊन कोणाला पंधरा लाख खर्च करायला सांगायचं म्हणजे बरं वाटलं नाही.

म्हणून आता मोजायचं. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा एका कंपनीचा विषयच नाही, सगळ्यांचं असंच आहे. बॅटरी ३४ युनिटची (युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलंच, किलोवॉटअवर). कागदावरची रेंज (एका पूर्ण चार्जवर गाडी किती जाते तो कंपनीचा आकडा) ३८० किमी. म्हणजे कागदाप्रमाणे एका युनिटला ११.२ किमी.

पद्धत साधी ठेवलीये. प्रत्येक फेरीला ट्रिप मीटर (एका फेरीचे किमी मोजणारा) शून्य करायचा आणि निघताना-पोचताना टक्के, किमी, लागलेला वेळ, एसी कितीवर, माणसं किती, हे सगळं वहीत. शाळेची दोनशे पानी वही घेतलीये, मोबाइलमध्ये लिहीन म्हटलं की राहून जातं. आणि हिशोब टक्क्यांत किंवा रेंजमध्ये न करता किमी प्रति युनिटमध्ये करायचा, म्हणजे मेहुण्याने वेगळ्या बॅटरीची गाडी घेतली तरी त्याला उपयोग होईल.

५ मे, सोमवार

मोजायला लागायच्या आधी टायरमधली हवा बघितली. सकाळी गाडी थंड असताना. पुढचे दोन्ही २९, मागचा एक २८, एक ३०. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. म्हणजे इतके दिवस मी कमी हवेवर चालवत होतो आणि रेंजच्या नावाने कुरकुर करत होतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रबर दाबायला आणि सुटायला ताकद जाते, ती बॅटरीतूनच येते. चारही ३३ केले. दर सोमवारी बघायचे.

९ मे, शुक्रवार

आठवडाभराची ऑफिसची ये-जा झाली. मुलुंड पूर्व ते बीकेसी, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने, चुनाभट्टीला कनेक्टर पकडून. एका बाजूला २१.४ किमी. मी एकटा, एसी २४ वर.

सकाळी सव्वासातला निघतो, सरासरी ४२ मिनिटं, २.५ युनिट. संध्याकाळी पावणेसातला निघतो, सरासरी १ तास ३५ मिनिटं, ३.४ युनिट.

रस्ता तोच, गाडी तीच, माणूस तोच. सकाळी युनिटला ८.६ किमी आणि संध्याकाळी ६.३. दोन्ही मिळून ७.२५, म्हणजे पूर्ण बॅटरीला २४७ किमी. कागदाच्या ६५ टक्के.

मला आधी वाटायचं ट्रॅफिकमध्ये सारखं थांबणं-सुटणं यात बॅटरी जाते. पण ब्रेक मारला की गाडी थोडी वीज परत घेते, मग तिथे इतकी कशी जाईल? ट्रॅफिकमध्ये आणखी काय चालू असतं? एसी. तेवढा एकच. उद्या-परवा तपासतो.

मंगळवारची संध्याकाळची नोंद खोडली, ट्रिप मीटर शून्य करायचा राहिला होता. अंदाजाने आकडा टाकायचा नाही असं ठरवलंय.

११ मे, रविवार

गाडी न हलवता मोजलं. दुपारी एक ते तीन सोसायटीच्या मोकळ्या जागेत, डोक्यावर ऊन, एसी २४, पंखा दोनवर, आत मी आणि मुलगी. ती पुस्तक वाचत बसली, मी टक्के लिहीत बसलो. बायको खाली येऊन बघून गेली, म्हणाली जेवण तरी करून घ्या आधी. ७१ वरून सुरू केलं. पहिल्या दहा-बारा मिनिटांतच एक टक्का गेला कारण गाडी आतून भट्टी झालेली, स्टिअरिंगला हात लागत नव्हता. नंतर आत गार झाल्यावर टक्का जरा वेळाने पडायला लागला. तीन वाजता ६३.५ च्या आसपास (स्क्रीनवर अर्धा टक्का दिसत नाही, पण ६४ चा ६३ होऊन बराच वेळ झाला नव्हता त्यावरून). साडेसात टक्के म्हणजे अडीच युनिट, दोन तासांत. तासाला साधारण १.३ युनिट.

संध्याकाळी साडेसातला परत, ऊन गेल्यावर, दोन तास. तासाला ०.९ युनिट.

आता शुक्रवारचा हिशोब परत मांडतो. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं किंवा नसतंच, म्हणून ०.९ धरतो. सकाळी ४२ मिनिटांचा एसी ०.६३, तो २.५ मधून काढला तर उरले १.८७, त्यात २१.४ किमी म्हणजे युनिटला ११.४. संध्याकाळी ९५ मिनिटांचा एसी १.४३, तो ३.४ मधून काढला तर १.९७, म्हणजे युनिटला १०.९.

कागदावर ११.२.

हे बघून मी वही बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. कागदावरचा आकडा खोटा नाहीये! गाडी चालायला तेवढीच वीज घेते, ट्रॅफिकमध्येसुद्धा. फक्त तो आकडा एसी बंद ठेवून काढलेला आहे. आणि मुंबईत एसी किलोमीटरवर चालत नाही, घड्याळावर चालतो. आपला रस्ता किती लांब आहे यापेक्षा त्यात आपण किती वेळ अडकतो यावर रेंज ठरते. हे शोरूममध्ये कोणी एका वाक्यात सांगितलं असतं तर किती सोपं झालं असतं.

१४ मे, बुधवार

टेस्ट कशी करतात ते दोन रात्री बसून नीट वाचलं. मेहुण्यासाठी लिहून ठेवतो.

आपल्याकडे सगळे एआरएआयची रेंज म्हणतात. ही गाड्या तपासणारी संस्था १९६६ची, पुण्यात वेताळ टेकडीवर, मेहुणा सकाळी फिरायला जातो तीच टेकडी. तिथे गाडी रस्त्यावर न चालवता रोलरवर चालवतात, ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे. त्या आलेखाचं नाव एमआयडीसी, आपली औद्योगिक वसाहत नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. युरोपातल्या जुन्या एनईडीसी सायकलवरून घेतलेली. एकूण ११८० सेकंद, जेमतेम साडेदहा किलोमीटर. पहिला भाग शहरातला, १९५ सेकंदांचा एकच तुकडा चार वेळा, कमाल वेग ५०, सरासरी तासाला १९ किमीच्या आसपास. दुसरा भाग शहराबाहेरचा, ४०० सेकंद, कमाल वेग ९०. एसी बंद.

पूर्वी बऱ्याच कंपन्या इलेक्ट्रिक गाडीला फक्त पहिल्या भागाची रेंज सांगायच्या. २०२४ पासून दोन्ही भाग मिळून सांगायला लागल्या, आणि आकडे लगेच खाली आले. टाटा कर्व्हची ५५ युनिटची बॅटरी घ्या, पहिल्या भागाप्रमाणे ५८५, दोन्ही भाग धरून ५०२, आणि रोजच्या वापरात ४०० ते ४२५ असं कंपनी स्वतःच सांगते (त्याला ते सी-७५ म्हणतात, शंभरातल्या पंचाहत्तर गिऱ्हाइकांना मिळेल अशी रेंज). एकाच गाडीचे तीन आकडे, तिन्ही छापील, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. मला हा तिसरा आकडा देण्याचा प्रकार मनापासून आवडला, सगळ्यांनी द्यायला हवा. माझ्या गाडीचे ३८० हे पहिल्याच भागाचे आहेत, हे मला आज कळलं, दीड वर्षाने.

युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना डब्ल्यूएलटीपी नावाची नवी टेस्ट लावली. १८०० सेकंद, सव्वातेवीस किमी, वेग १३१ पर्यंत. म्हणून तिथले आकडे खूप कमी येतात. २०१९ मध्ये आपल्याकडे ह्युंदाई कोना आली, ३९.२ युनिटची, इथे ४५२ किमी. तीच बॅटरी, तीच गाडी, युरोपात त्या वेळी २८९. महिंद्राची ७९ युनिटवाली बीई ६ इथल्या टेस्टला ६८२ आणि डब्ल्यूएलटीपीला ५५०. अमेरिकेत तर ईपीए (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) रोलरवर आलेल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणायला लावते, म्हणजे खऱ्या रस्त्यावरचा एसी, थंडी, वेग यासाठी तीस टक्के आधीच कापून टाकतात. माझ्या ३८० ला ०.७ ने गुणलं तर २६६ येतात. माझे आलेत २४७. बरंच जवळ आहे की.

१७ मे, शनिवार

मुलुंड ते कोथरूड. ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोलीहून एक्सप्रेस वे. आम्ही चौघं (आईपण होती), बॅगा आणि डिकीत हापूसच्या दोन पेट्या. गाडी-माणसं-सामान धरून १७५० किलो होतील असा अंदाज. सकाळी सहाला १०० टक्क्यांवर निघालो.

कळंबोलीला ८७. तिथून खोपोलीपर्यंत सपाट, ९० ते ९५ चा वेग धरला होता, ७२ टक्के. आणि मग घाट.

घाटाचं जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यांना भीती तिथेच वाटते आणि मला पण वाटायची. खोपोलीला स्क्रीनवर रेंज १६५ दाखवत होती. बोगदे आणि ट्रकच्या रांगा करत वर चढताना ती अशी पडायला लागली की बायकोने पुढच्या काचेतून बघायचं सोडून स्क्रीनकडेच बघायला सुरुवात केली. १५०. १४१. १३०. एक वळण, दोन किलोमीटर कमी. आई मागून म्हणाली, थांबणार नाही ना रे वाटेत? खंडाळ्याच्या वर पोचलो तेव्हा ११६ आणि बॅटरी ५८ टक्के. १४ किमी चाललो आणि स्क्रीनवरचे ४९ किमी गेले.

पण तो आकडा गाडी कशावरून काढते? मागच्या काही किलोमीटरला किती वीज लागली त्यावरून. तिला वाटतं पुढचा रस्ताही असाच चढणार आहे. गाडीला घाट संपणार हे माहीत नसतं, आपल्याला असतं. लोणावळा सोडल्यावर पुढचे दहा किमी चाललो तर स्क्रीनवरचे फक्त तीन गेले.

घाटाचा हिशोब शाळेतल्या फिजिक्सने जमतो. खोपोली ते लोणावळा साधारण ५६० मीटर चढ. १७५० किलो गुणिले ९.८ गुणिले ५६०, भागिले छत्तीस लाख (एका युनिटात तेवढे ज्यूल), आले २.६७ युनिट. हे नुसतं वर उचलायचे, पुढे जायचे वेगळे. सपाटीवर १४ किमीला मला १.७ लागले असते. मिळून ४.४, प्रत्यक्षात गेले १४ टक्के म्हणजे ४.८. वरचे ०.४ मोटर-वायरीत गरम होऊन गेले. कागदावरची बेरीज आणि रस्त्यावरची बेरीज इतकी जुळली की कोथरूडला पोचल्या पोचल्या मेहुण्याला वही दाखवली, चहा नंतर.

पोचलो ३३ टक्क्यांवर. १४६ किमी, ६७ टक्के, २२.८ युनिट. युनिटला ६.४. या हिशोबाने पूर्ण बॅटरीला २१८.

१८ मे, रविवार

रात्री मेहुण्याच्या सोसायटीत १५ अँपिअरच्या प्लगवर लावली होती, ९५ ला काढली. लोणावळ्याला ६९. घाट उतरताना रीजन (वेग कमी होताना वीज परत घेणं) सगळ्यात वर ठेवलं, ब्रेकला पाय क्वचितच लागला, आणि खोपोलीला ७१. मुलगी ओरडलीच, बाबा वाढले! घरी ४२.

५३ टक्के, १८ युनिट, युनिटला ८.१. पूर्ण बॅटरीला २७६.

जाताना २१८, येताना २७६, दोन्ही मिळून २४३. आता फक्त घाट बघा. सपाटीवर त्या १४ किमीला ५ टक्के लागले असते, म्हणजे जाऊन-येऊन १०. प्रत्यक्षात चढताना १४ गेले, उतरताना २ आले, निव्वळ १२. म्हणजे येऊन-जाऊन घाटाने फक्त दोन टक्के जास्त खाल्ले. बाकीचे नुसते उसने घेतले होते, उतरताना परत दिले. फक्त एक, वर लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून लगेच उतरू नये, भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते.

वाटेत फूड मॉलवर चहाला थांबलो तिथला चार्जर बंद होता. आम्हाला गरज नव्हती, पण शेजारी एक कुटुंब १९ टक्क्यांवर उभं होतं. त्यांना स्क्रीनवरच्या रेंजबद्दल सांगितलं, घाट उतरायचा होता म्हणून. ते निघाले, नंतरचं माहीत नाही. पोचले असावेत.

२५ मे, रविवार

वेगाची टेस्ट, अटल सेतूवर. २१.८ किमी, सपाट, सिग्नल नाही, कमाल वेग १००, याच्याहून चांगली जागा मुंबईत नाही. पहाटे साडेपाचला शिवडीहून चढलो. वारं एका बाजूने असलं तर फसगत होते म्हणून जाताना-येताना दोन्ही घेतलं. एक फेरी क्रूझवर ८०, दुसरी १००. टोल तेव्हा एका बाजूचा २५० पडला, तो या वहीच्या नावाने गेला.

८० ला युनिटला ८ किमी, १०० ला ६.२. म्हणजे २७२ आणि २११. वेग पाव पटीने वाढला आणि रेंज जवळपास पाव भागाने गेली. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केले की तो दीडपटीच्या वर जातो. यात एसीचा काही संबंध नाही, १०० च्या वेगाला एसीचा वाटा किलोमीटरमागे अगदी किरकोळ. शहरात वेळ खातो, हायवेला वारा खातो. आणि टेस्टच्या सायकलमध्ये दोन्ही नाहीत, ९० चा वेग आहे तो थोड्याच वेळापुरता.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. मुंबईत इतक्या लवकर आल्याची याआधी नोंद नाही, एरवी ११ जूनची तारीख असते. सकाळपासून धो धो. ऑफिसला जायला नको होतं पण गेलो होतो. येताना २ तास ५० मिनिटं.

काच धूसर होऊ नये म्हणून एसी सतत चालू, वायपर चालू, दिवे चालू, रस्त्यावर पाणी. २१.४ किमीला ४.४ युनिट. युनिटला ४.९, पूर्ण बॅटरीला १६५ चा भाव. आतापर्यंतचा सगळ्यात वाईट आकडा.

आणि तरी, बॅटरी किती उतरली? १३ टक्के. जवळपास तीन तास अडकून १३ टक्के. तळमजल्यावरचे काका नेहमी विचारतात, पावसात तासन्‌तास अडकलात आणि बॅटरी संपली तर? काका, अशी गाडी ६० टक्क्यांवर असेल तर एसी लावून नुसतं उभं राहायला पंधरा तास लागतील संपायला. आज वर जाताना त्यांना वहीच दाखवली.

१ जून, रविवार

एक गोष्ट राहिली होती, भिंतीतून किती जाते. पार्किंगमधल्या माझ्या सबमीटरवर २० ते १०० टक्के चार्जिंगला ३१.५ युनिट पडले. बॅटरीत गेले २७.२. बाकीचे चार्जर गरम होण्यात. म्हणजे बिलाच्या युनिटला ७.२५ नाही, सव्वासहा किमी. सोसायटी युनिटमागे १० रुपये घेते, किलोमीटरला १ रुपया ६० पैसे. सर्वात कमी खर्च दाखवणारे लोक हा फरक धरत नाहीत, धरायला हवा.

८ जून, रविवार

मेहुण्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्याने सरळ विचारलं, दाजी, एक आकडा सांगा. म्हटलं एक नाही, तीन घे. तू बघतोयस त्या गाडीची बॅटरी ४५ युनिटची. गर्दीच्या वेळी एसी लावून शहरात ६.३ ने गुण, २८० धर. एक्सप्रेस वेला शंभरने जाणार असशील तर ६.२, तेही २८०च. ऐंशीने गेलास तर ३६०. आणि यातले वरचे १० आणि खालचे १५ टक्के वापरायचे नाहीत असं ठरव, म्हणजे हातात पाऊण बॅटरी. नाशिकला आत्याकडे एका दमात जाशील, पण आल्या पावली परत निघायचं असेल तर तिथे चार्जिंग लागणार. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, मग चालतंय की, मला शोरूमच्या आकड्यावर जाऊन येऊन करायचं होतं म्हणून टेन्शन होतं.

१३ जुलै, रविवार

मेहुण्याची गाडी काल आली. आज सकाळी त्याचा वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आला, वर तारीख, खाली एकच ओळ: चारही टायर ४१ निघाले, स्टिकरवर ३३ आहे, काय करू. ट्रकवरून आणताना जास्त भरतात, ३३ वर आण, मगच मोजायला सुरुवात कर, असं कळवलं. इकडे माझा मागचा डावा परत ३१ झालाय, बाकीचे ठीक आहेत. पंक्चरवाल्याकडे व्हॉल्व्ह बघून घ्यायचाय.